पानगळीपासून ऋषिपंचमीपर्यंत: गच्चीवरची भाजी

गच्चीवर भाजी लावायचं ठरलं की बहुतेक लोक आधी बियाण्याच्या दुकानात जातात. आम्ही सुरुवात वजनाच्या हिशोबाने करायला सांगतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे, माणसांनी वावरायची सपाट गच्ची दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून आखलेली असते. नुसती काळी किंवा लाल माती एक फूट थरात पसरली आणि ती पावसात भिजली, तर चौरस मीटरला ५०० किलोच्या पुढे जाते. म्हणजे स्लॅबसाठी धरलेल्या भाराच्या तिपटीहून जास्त. गच्चीवर विटांचा वाफा बांधून माती भरण्याची पद्धत इथेच बाद होते. इमारत जुनी असेल, स्लॅबला खालून तडे किंवा ओल दिसत असेल, तर पहिली कुंडी चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्यावं.

आम्ही वापरतो ती १५ बाय १५ इंचांची एचडीपीईची, म्हणजे जाड प्लास्टिकची ग्रो बॅग. तिच्यात काठाखाली दोन बोटं जागा सोडून जवळजवळ ४० लिटर भरण मावतं. ओल्या मातीने भरली तर ती ७० किलोच्या आसपास जाते आणि दोघांनाही हलत नाही. तीच पालापाचोळ्याच्या हलक्या मिश्रणाने भरली तर पाणी घातल्यावरही ३०-३५ किलोंची राहते. चौरस मीटरला अशा तीन पिशव्या ठेवल्या तरी शंभर किलोच्या आसपास भार होतो आणि माणसाला वावरायला वाव उरतो. शिवाय सगळ्या पिशव्या गच्चीच्या मधोमध न मांडता कठड्याकडेने, खाली भिंत किंवा बीम आहे अशा रेषेत मांडायच्या. पाण्याची टाकी जिथे आहे त्या भागावर आधीच मोठा भार असतो, तिथे काहीही ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट गळतीची. पिशवी थेट कोब्यावर ठेवली की तिच्याखाली कायम ओल राहते, पाण्याचा उतार अडतो आणि मुळं भोकांतून बाहेर येऊन कोब्याच्या फटी शोधतात. प्रत्येक पिशवी दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर, जमिनीपासून किमान चार इंच वर हवी. खालून केरसुणी फिरली पाहिजे. गच्चीच्या पाणी उतरण्याच्या तोंडावर जाळी बसवायची, नाहीतर पहिल्याच पावसात पानं अडकून तळं होतं. आणि वड-पिंपळाचं रोप कठड्याच्या फटीत दिसलं की दोन पानांवर असतानाच उपटायचं. ते हाताएवढं झालं की मूळ निघत नाही.

माती करायचं काम फेब्रुवारीत सुरू होतं, कारण पुण्याकडे पानगळ तेव्हापासून एप्रिलपर्यंत चालते. सोसायटीचा झाडणारा पोत्याने पानं भरून ठेवतो आणि ती एरवी जाळली जातात. ती मागून घ्यायची. सगळी पानं सारखी नसतात. गुलमोहर, वर्षावृक्ष, शिरीष यांची पानं बारीक असतात आणि ही झाडं शेंगवर्गीय असल्यामुळे त्यांत नत्र बरं असतं. ती सर्वांत लवकर कुजतात. वड, पिंपळ, बदाम मध्यम. आंबा आणि फणसाची पानं चिवट आणि मेणचट, ती चुरल्याशिवाय वर्षभर तशीच राहतात. निलगिरीची पानं आम्ही घेत नाही, त्यातल्या तेलाने कुजणं मंदावतं आणि बी रुजायलाही त्रास होतो.

पानं पोत्यात भरून पायाने तुडवायची. चार पोत्यांचं एक पोतं होतं. चुरा झाला की जिवाणूंना शिरायला कडा मिळतात आणि कुजण्याचा वेळ निम्म्यावर येतो. मग तीन फूट व्यासाचं, तीन फूट उंचीचं प्लास्टिकच्या जाळीचं कडं करून त्यात थर रचायचे: वीतभर चुरलेला पाला, त्यावर तीन-चार बोटं स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्यावर मूठ-दोन मुठी जुनं खत किंवा बागेतली माती, आणि शेणाच्या पाण्याचा शिडकावा. कोरडा पाला आणि ओला कचरा यांचं प्रमाण घमेल्याने मोजायचं, तीनास एक. बहुतेकांचं खत इथेच बिघडतं. ओला कचरा जास्त झाला की नत्र अमोनिया होऊन उडतं आणि नाकाला झोंबणारा वास येतो. त्यावर उपाय म्हणजे आणखी कोरडा पाला. वास कुजक्या अंड्यासारखा असेल तर हवा संपली आहे, ढीग उलटून मोकळा करायचा. आठवडे उलटले तरी ढीग तसाच बसून असेल तर बहुधा तो कोरडा आहे. मुठीत घेऊन दाबला की बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण पाण्याची धार लागू नये. दर आठ-दहा दिवसांनी ढीग उलटायचा. कचऱ्यात पांढऱ्या-करड्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि झाडाला काही करत नाहीत.

एवढा लहान ढीग शेतातल्या ढिगासारखा तापत नाही. म्हणून त्यातलं टोमॅटोचं, मिरचीचं, भोपळ्याचं बी मरत नाही आणि पुढे कुंड्यांमध्ये जागोजागी रोपं उगवतात. रोगट पानं आणि किडलेली फळं याच कारणाने ढिगात टाकायची नाहीत.

शेणाचं पाणी म्हणजे अमृतजल. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ घालून तीन दिवस सावलीत झाकून ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा काठीने ढवळायचं, चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालून वापरायचं. फ्लॅटमध्ये अर्धं किंवा पाव प्रमाण पुरतं. ते साठवून ठेवायचं नाही, कारण आठवडाभराने त्यातले उपयोगी जीव कमी होतात आणि राहते ती दुर्गंधी. शेती महाविद्यालयांत न जाताही शास्त्र हाती घेता येतं, हे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने महाराष्ट्राला शिकवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीशेती करून दाखवली, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच कचऱ्यातून बाग उभी राहिली. आज शहरांत जे कोणी पाल्यावर भाजी पिकवतात ते याच वाटेने आले आहेत, आणि ही नावं नव्या लोकांना माहीत असायला हवीत असं आम्हाला मनापासून वाटतं.

मेच्या शेवटी खत काळपट, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं होतं. आता पिशव्या भरायच्या. तळाशी आणि बाजूला अर्ध्या इंचाची आठ-दहा भोकं. तळात दोन इंच नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं चार-पाच इंच. चिपाडं ताजी असतील तर मुंग्या लागतात, म्हणून आठवडाभर पाण्याने भिजवून, गोडवा जाऊ देऊन मग वापरायची. त्यावर मुख्य मिश्रण: एक घमेलं पोयटा किंवा लाल माती, दोन घमेली खत, दोन घमेली अर्धवट कुजलेला पाला. एका पिशवीला निंबोळी पेंड मूठभर, साधारण ५० ग्रॅम.

माती अजिबात न घालता नुसत्या खतावर झाड लावायचा मोह होतो. तसं केलं की दोन महिन्यांत भरण निम्म्यावर बसतं, उरलेलं चिखलासारखं घट्ट होतं आणि मुळं गुदमरतात. मातीचे कण तो सांगाडा धरून ठेवतात. उलट कच्चा पाला मुळांच्या अगदी जवळ आला तर तो कुजवायला जिवाणू नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. म्हणून कच्चा माल खाली, पक्कं वर, आणि वरचे सहा इंच पूर्ण तयार मिश्रण. भरल्यावर लगेच रोप लावू नये. दहा-पंधरा दिवस पाणी देऊन बसू द्यावं, जेवढं खाली गेलं तेवढं वरून पुन्हा भरावं.

कोकोपीट आम्ही फक्त रोपांच्या ट्रेमध्ये वापरतो. समुद्रकाठच्या नारळाचं असल्यामुळे त्यात मीठ असू शकतं. वीट फुगवल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्यायची. त्यात अन्नद्रव्यं जवळजवळ नसतात, म्हणून ट्रेमध्ये निम्मं कोकोपीट, निम्मं चाळलेलं गांडूळखत.

वांग्या-मिरचीची रोपं मेच्या मध्यावर ट्रेमध्ये टाकली की मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत पाच-सहा आठवड्यांची होतात. बी बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल, यापेक्षा जास्त नाही. रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडली तर ती मर, आणि तिचं कारण जास्त पाणी आणि दाटी. ट्रेवर पांढरी बारीक जाळी टाकायची, कारण पांढरी माशी आणि फुलकिडे रोपावस्थेतच विषाणू देऊन जातात आणि मिरचीचा चुरडा-मुरडा पुढे कशानेही बरा होत नाही. एका पिशवीत एकच वांगं. दोन लावली की दोन्ही अर्धपोटी राहतात. मांजरी गोट्यासारखं घरच्या भरल्या वांग्याला चालणारं वाण गच्चीवर चांगलं येतं. भेंडी मात्र थेट पिशवीतच पेरावी, एका पिशवीत तीन झाडं. परभणी क्रांती हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाने हळद्या रोगाला दाद न देणारं म्हणून काढलं. आता त्यावरही कुठे कुठे पिवळ्या शिरा दिसतात, तरी घरच्या बागेला ते अजून चांगलं.

पावसाळ्यात खरी मजा वेलांची. दोडका, कारलं, पडवळ, काकडी एका पिशवीत एकच वेल, दुधीला त्याच्या दुप्पट माती हवी, म्हणून तो अर्ध्या ड्रममध्ये. दोडक्याचं बी रात्रभर भिजवायचं. कारल्याच्या बियाचं कवच टणक असतं, टोकाशी नेलकटरने किंचित खरडून चोवीस तास भिजवलं की आठवड्याभरात उगवतं, नाहीतर तीन आठवडे वाट पाहावी लागते. वेलवर्गाची मुळं हलवलेली चालत नाहीत. कागदी कपात रोप केलं असेल तर दोन पानांवर असतानाच, कपाचा तळ फाडून, गोळा न मोडता लावायचं. वाणांत दोडक्याला पुसा नसदार किंवा कोकण हरिता, कारल्याला कोकण तारा, दुधीला राहुरीचं सम्राट.

मांडव सहा बाय सहा फुटांचा पुरे, पण तो वाऱ्यासाठी बांधायचा, वेलासाठी नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यावर जुलैचा वारा भरलेला मांडव उचलतो. बांबूचे पाय सिमेंट भरलेल्या डब्यांत रोवायचे, वरून तारेने कठड्याच्या हुकांना ताण द्यायचा. स्लॅबला ड्रिलने भोक कधीही पाडायचं नाही. वर नायलॉनची सहा इंची जाळी.

वेल मांडवाला पोहोचेपर्यंत बाजूच्या फुटी काढत राहायच्या. वर गेला की शेंडा खुडायचा. मग बगलफुटी निघतात आणि दुधीसारख्या वेलाला मादी फुलं मुख्यतः या बगलफुटींवर लागतात. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस फक्त नर फुलं येऊन गळतात. ते बरोबरच आहे. त्यानंतरही मादी फुलं दिसली नाहीत तर नत्र जास्त झालंय असं समजावं आणि शेणपाणी थांबवावं. मादी फूल ओळखायला सोपं, फुलामागे बोटाएवढं बाळफळ असतं. नराचा देठ बारीक आणि सरळ.

पण बाळफळ पिवळं पडून गळतं, ही तक्रार आमच्याकडे सर्वांत जास्त येते, आणि लोक त्यावर औषध विचारतात. कारण बहुतेक वेळा परागीभवन न होणं हे असतं. कारलं, काकडी, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात आणि मधमाश्या काम करून जातात. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, पडवळ रात्री. शहरातल्या उंच गच्चीवर त्या वेळी पतंग फारसे येत नाहीत. म्हणून संध्याकाळी सहा-साडेसहानंतर त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच दोन-तीनदा टेकवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. पाऊस असेल तर त्यावर कागदाची टोपी घालायची, ओलं झालेलं पराग फुकट जातं. फळाचा देठ तीन-चार दिवसांत जाड आणि खाली वाकलेला दिसला की जमलं. ज्या घरात हे काम एका माणसाने अंगावर घेतलं आहे, त्या घरात दोडका विकत आणावा लागत नाही.

याच वेळी फळमाशी येते. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, फळ वाकडं वाढतं आणि आतून सडतं. वेलभाज्यांना क्यू ल्यूर या नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा सापळा लावायचा, पेरू-आंब्याच्या माशीला मिथिल युजेनॉलचा. दोन्ही वेगळे आहेत आणि दुकानदार बऱ्याचदा एकच देतो. सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळे नुसता सापळा पुरत नाही. बोटाएवढं फळ झालं की जुन्या साडीच्या तुकड्याची किंवा कागदाची पिशवी चढवायची. टोचलेली फळं तोडून दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची. ती मातीत पडली तर अळी तिथेच कोष करते आणि पुढची पिढी तुमच्याच पिशवीतून बाहेर येते.

संततधारेत पानांवर शिरांच्या मधोमध कोनदार पिवळे डाग पडतात, तो केवडा. त्यासाठी खालची तीन-चार पानं काढून हवा खेळती ठेवायची, पाणी पानांवर न घालता बुडाशी द्यायचं. पावसाळा सरताना, कोरड्या दिवसांत पांढरी भुकटी दिसते ती भुरी. आंबट ताक एकास दहा पाण्यात गाळून पानांच्या दोन्ही बाजूंना आठवड्यातून एकदा फवारलं की सुरुवातीची भुरी थांबते. वाढलेली थांबत नाही. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांना निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीचा चुरा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, अंगाच्या साबणाचा चुरा चिमूटभर. किंवा कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली. फवारणी उन्हं उतरल्यावरच, कारण दुपारी तेलाने पानं करपतात आणि सकाळी मधमाश्या कामावर असतात. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते. शेंडा एक इंच खालून कापून चिरडायचा. हे रोज पाहिलं तर फवारणीची वेळच येत नाही.

पुण्यात सततच्या पावसाने पिशवीतलं नत्र धुऊन जातं, कोकणात आणि गोव्यात तर त्याहून कितीतरी जास्त. जुनी पानं खालून पिवळी पडायला लागली की दर पंधरा दिवसांनी पिशवीला दोन ओंजळी खत आणि एक लिटर अमृतजल. शेंगदाण्याची पेंड हवी असेल तर १०० ग्रॅम एक लिटरमध्ये चार-पाच दिवस भिजवून दहापट पाण्यात मिसळून द्यावी. कोरडी पेंड वरून टाकली तर उंदीर मातीच उकरतात.

भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याचं कणीस, सुरण, यांची एकत्र भाजी होते. गच्चीवर मृगात पेरलेलं याच सुमारास तयार असतं: माठ महिन्याभरात, भेंडी ४५-५० दिवसांत, दोडका ५५-६० दिवसांत. अळू पाणी उतरण्याच्या तोंडाजवळ ठेवलेल्या कुंडीत आपोआप फोफावतो. भोपळा आणि सुरण एवढ्या मातीत होत नाहीत, ते विकत आणायचे. नांगर न लागलेली भाजी शहरात यापेक्षा खरी कुठे मिळणार? ही भाजी समोर धरून जूनची पेरणी आखावी, असं आम्ही नव्या लोकांना सांगतो, कारण त्यात पानभाजी, फळभाजी, वेल आणि कंद सगळं एका ताटात येतं.

नवरात्रानंतर पालेभाज्या. त्यांना खोल माती नको, भाजीवाल्यांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये आतून हिरवी जाळी लावून सहा इंच भरण पुरे. मेथी एका क्रेटला मोठा चमचाभर, पाव इंच मातीने झाकून. तीन-चार दिवसांत उगवते आणि २५-३० दिवसांत काढणीला येते. धणे चपलेने किंवा लाटण्याने रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे, उगवायला आठ-बारा दिवस लागतात, तोवर माती सुकू द्यायची नाही. लोक पाचव्या दिवशी आशा सोडतात आणि वरून पुन्हा पेरतात, मग दाटी होते. पालक महिन्याने बाहेरची पानं खुडून घ्यायचा, तीन-चार तोडे मिळतात. दर दहा दिवसांनी एक क्रेट पेरला तर ताटात खंड पडत नाही. उगवणीच्या पहिल्या आठवड्यात क्रेटवर जाळी नसेल तर कबुतरं एकही कोंब ठेवत नाहीत.

इथे खरं ते सांगायला हवं: एका क्रेटमधून एक मध्यम जुडी निघते. चौघांच्या घराची सगळी भाजी लहान गच्चीवर होत नाही. मिरची, कढीपत्ता, वांगी, दोडका-कारलं, कोथिंबीर आणि आठवड्याला एखादी पालेभाजी एवढं व्यवस्थित होतं. कांदा, बटाटा, कोबी यांना जागा देऊ नये, तेवढी जागा काही महिने गुंतून एकच नग हाती येतो.

टोमॅटोचं बी गणपतीनंतर टाकून ऑक्टोबरमध्ये लावायचं. रोप खालची पानं काढून निम्म्या खोडापर्यंत पुरलं की खोडावरही मुळं फुटतात. वांग्या-मिरचीला हे करू नये. फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो तो रोग नाही. मातीत चुना असूनही पाणी कधी खूप, कधी नाही, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. अंड्याची टरफलं टाकून तो लगेच जात नाही, पाण्याची वेळ पाळली की नवी फळं स्वच्छ येतात. मार्चनंतर पारा ३५ अंशांपुढे गेला की फुलं गळतात, तेव्हा टोमॅटो उपटून जागा मोकळी करावी.

उन्हाळ्यात वाचवायचं काम जास्त, पिकवायचं कमी. फळांनी भरलेल्या वांग्याच्या झाडाला मे महिन्यात दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागतं, सकाळी लवकर दोन-तृतीयांश आणि संध्याकाळी उरलेलं. दुपारी पान मरगळलेलं दिसलं म्हणून पाणी घालू नये; संध्याकाळी ते आपोआप उभं राहिलं तर मातीत ओल आहे. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं, ते बादलीत सोडून मग झाडाला लावायचं. पिशवीवर तीन इंच पाल्याचं आच्छादन, वर ५० टक्क्यांची शेडनेट. नागपूरकडे ४५ अंश सहज होतात, तिथे पिशव्यांच्या बाजूंनाही गोणपाट गुंडाळावं लागतं, कारण काळ्या प्लास्टिकमध्ये मुळंच शिजतात. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी झाडांना देऊ नये, क्षार साठून मातीवर पांढरी पापडी येते आणि पानांच्या कडा करपतात. या दिवसांत गवार आणि चवळी चालतात. वांगी एप्रिलमध्ये खोडापासून फूटभर ठेवून छाटावीत, खत द्यावं, पावसाआधी खोडवा फुटतो आणि नवं रोप लावायचा महिना वाचतो.

फळझाडांना १०० लिटरचा अर्धा ड्रम हवा आणि गच्चीवर त्यांची जागा बीमवरच. पेरूमध्ये सरदार, म्हणजे पुण्याच्या गणेशखिंड संशोधन केंद्रात निवडलेला एल-४९. तो पाच फुटांवर छाटून ठेवता येतो. पेरूला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून फळं उतरली की फांदी एक-तृतीयांश छाटायची. अंजिराचंही तसंच, पण पावसाळ्यात पानांच्या मागे तांबेरा येऊन पानं गळतात. गळलेली पानं उचलून टाकायची. लिंबासाठी राहुरीचं साई सरबती. त्याच्या कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती फुलपाखराची. लहान झाडावर अशा चार-पाच अळ्या दोन दिवसांत सगळा शेंडा खातात, तेव्हा रोज सकाळी हाताने उचलून दूर नेऊन टाकायच्या. पाणी तोडून बहार धरण्याची, म्हणजे ताण देऊन झाडाला एकदम फुलं आणण्याची शेतातली पद्धत ड्रममध्ये जपून करावी. जमिनीतल्या झाडाची मुळं खोल ओल शोधतात, ड्रममधल्या झाडाला तो आधार नसतो. पान किंचित मिटलं की पुन्हा पाणी सुरू करावं.

बी घरचं धरायचं तर संकरित वाणाचं धरू नये, पुढची पिढी वेगवेगळी निघते. सुधारित वाणाच्या वेलावरचा दुसरा-तिसरा, निकोप दोडका तोडायचा नाही, वेलावरच तपकिरी होऊन आत बी खुळखुळेपर्यंत ठेवायचा. शेजारी घोसाळं असेल तर दोन्हींचा संकर होऊ शकतो, म्हणून ज्याचं बी हवं त्या मादी फुलाला आदल्या दिवशीच कागद बांधून, त्याच वेलाच्या नर फुलाने परागीभवन करून खूण बांधावी. वांग्याचं बी फळ पिवळं होऊन मऊ पडल्यावर काढायचं, टोमॅटोचं दोन दिवस रसात आंबवून धुवायचं, म्हणजे वरचं चिकट आवरण जातं. सावलीत आठवडाभर वाळवून, चाळलेल्या राखेत कालवून काचेच्या बरणीत भरायचं आणि बरणीवर वाण व महिना लिहायचा. वांगी, मिरची, टोमॅटोचं बी असं तीन वर्षं चांगलं उगवतं. कांद्याचं मात्र एका वर्षात उतरतं, ते दरवर्षी ताजं घ्यावं.